पाचव्या प्रकाराची खूण

वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असताना, एका मंगळवारी, मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला, शाळेच्या वरच्या मजल्यावरील टोकाच्या वर्गात, नववीच्या दुसऱ्या तुकडीसमोर इंग्रजी व्याकरणाचे शिक्षक हातात खडू घेऊन उभे होते. शेवटच्या बाकावर, मुलांसाठी केलेल्या जागेत गुडघे कसेबसे मावणारे निरीक्षक बसले होते, आणि त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून मुख्याध्यापिका उभ्या होत्या. मुख्याध्यापिकांच्या चेहऱ्यावर समाधान होते. शिक्षकांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते, आणि ते तसे राखण्यासाठी त्यांना अतोनात श्रम पडत होते.

फळ्यावर वाक्य होते : द बर्ड ऑन द रूफ इज सिंगिंग. ‘ऑन द रूफ’ या तीन शब्दांखाली सरांनी रेघ ओढली आणि वर्गाकडे तोंड केले.

“फ्रेज म्हणजे काय? कर्ता-क्रियापदाची जोडी नसलेला शब्दांचा गट. एकटा उभा राहू शकत नाही, पण वाक्यात कुणाचं तरी काम निमूटपणे करतो. इथं कुणाचं?”

वर्गभर तळहात उघडले. तळहात म्हणजे विशेषण. कोणता पक्षी? छपरावरचा.

सरांनी मान हलवली आणि खाली दुसरे वाक्य लिहिले : द बर्ड सॅट ऑन द रूफ. ते वळले तोवर वर्गभर बोटे उगारली गेली होती. बोट म्हणजे क्रियाविशेषण. कुठे बसला? छपरावर.

“शब्द तेच, काम वेगळं,” सर म्हणाले. “म्हणून रूपाला भुलू नका. काम बघा.”

मूठ म्हणजे नामाचे काम, दोन बोटे चालवली की क्रियापदाचे. वर्गात कुणी तोंड उघडत नव्हते. मुख्याध्यापिकांनी या प्रकाराला ‘मौन पद्धत’ असे भारदस्त नाव दिले होते, वरच्या कार्यालयाला मोठ्या अभिमानाने कळवले होते, आणि निरीक्षकांना हौसेने बोलावूनही घेतले होते. पसंत पडली तर ही पद्धत इतर शाळांतल्या शिक्षकांना शिकवायला सरांनाच पाठवायचे, असा त्यांचा बेत होता.

खरी गोष्ट एवढीच होती की सरांना ऐकू येत नव्हते.

प्रथम पाखरे गेली. मग मुलींचे बारीक आवाज गेले, मग शाळेची विजेची घंटा गेली, आणि शेवटी माणसांच्या बोलण्यातली टोकदार अक्षरे एकेक करून गळाली. उरली ती नुसती गुणगुण. ती जाड भिंतीपलीकडून यावी तशी येई. समोरच्याचे ओठ पाहून त्या गुणगुणीत शब्द भरायला सर स्वतःच शिकले. एका माणसाचे ओठ वाचणे जमे, वर्गाचे जमेना. तेव्हा एके दिवशी त्यांनी वर्गाला सांगितले, “उद्यापासून तोंडं बंद. उत्तर हातानं द्यायचं.” मुलांना गंमत वाटली, आणि पोरे चुटकीसरशी तयार झाली.

मुले त्यांना पाठीमागे ‘स्वल्पविराम’ म्हणत. एक तर ते मानेपासून किंचित वाकलेले होते, आणि दुसरे असे की कुणी धावतपळत बोलू लागला की ते त्याला मध्येच थांबवून विचारत, “म्हणजे नेमकं काय?” वाद हा त्यांचा श्वास होता. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी शब्दकोशांशी, पाठ्यपुस्तकांशी, आणि विशेषतः गणिताच्या बाईंशी वर्षानुवर्षे वाद घातले होते. गेल्या वर्षभरात मात्र ते एकही वाद हरले नव्हते, कारण समोरच्याची बाजू त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. लोकांना वाटे, वयपरत्वे सर जास्तच हट्टी झाले. ही अपकीर्ती त्यांनी आनंदाने पत्करली होती. हट्टी माणसाला वर्ग मिळतो, बहिऱ्याला मिळत नाही.

बहिऱ्याला काय मिळते, हे त्यांना ठाऊक होते. चित्रकलेच्या शिक्षकांचा हात कापू लागला तेव्हा शाळेने त्यांना काढले नाही. शाळा दयाळू होती. तिने त्यांच्या हाती भांडाराची किल्ली दिली. जिन्याखालच्या त्या खोलीत गुंडाळलेले नकाशे, मोडके स्टूल आणि खडूंची खोकी यांच्यामध्ये ते गृहस्थ निवृत्त होईपर्यंत बसून राहिले. कुणी खडू मागायला आले की ते एकाऐवजी चार खडू देत, तेवढाच माणूस जरा वेळ थांबेल म्हणून.

त्या दिवशी सकाळी घरात यावरूनच कुरबूर झाली होती. सर बुटाचे बंद बांधत होते आणि पत्नी स्वयंपाकघरातून काही विचारत होती. शेवटी ती बाहेर आली, त्यांच्यासमोर बसली आणि त्यांची हनुवटी धरून तिने तोंड आपल्याकडे वळवले.

“डबा घेतलात का?”

“तिसऱ्या तासानंतर येणार आहेत.”

“मी निरीक्षकांचं नाही विचारत. डबा.”

“घेतला.”

“अहो, आज सांगून टाका. उघडकीला येण्यापेक्षा तुमच्या तोंडून गेलेलं बरं.”

“सांगून काय होणार? भांडाराची किल्ली मिळेल.”

“मिळू दे की! निदान घरी माणसासारखे याल. दिवसभर लोकांचे ओठ वाचून डोळे शिणतात, घरी आलात की मिटून बसता. माझ्याशी बोलायला डोळेच शिल्लक राहत नाहीत तुमच्याकडे.”

सरांनी वेगळ्याच गोष्टीला उत्तर दिले. “आणि ते कानाचं यंत्र मी लावणार नाही. डॉक्टरच म्हणाले, त्यानं अर्धंमुर्धंच भागेल. यंत्र म्हणजे कानात अडकवलेला कबुलीजबाब.”

“झालं! वाक्य जमलं की तुम्हाला वाटतं प्रश्न सुटला,” पत्नी म्हणाली आणि उठून गेली. पाठमोरी झाल्यावर ती आणखी काही बोलली. ते त्यांना कळले नाही.

आता वर्गात निरीक्षक उठून उभे राहिले.

बसलेला माणूस बरा असतो, त्याचे तोंड एका जागी असते. निरीक्षक बाकांच्या रांगांमधून हिंडू लागले. त्यातून त्यांना मिशा होत्या, आणि त्या साध्यासुध्या नव्हत्या. वरचा ओठ तर त्यांनी पुरता गिळलाच होता, खालच्यावरही सावली धरली होती. बोलताना त्या मिशांवरून मूठ फिरवण्याची त्यांना सवय होती. सरांनी गेल्या दीड-दोन वर्षांत नाना तऱ्हेची तोंडे वाचली होती, पण असे झाकलेले पुस्तक प्रथमच पुढ्यात आले होते.

मिशा हलल्या. सरांनी चेहरा शांत ठेवला.

पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी उभी राहिली. “म्हणजे साहेब म्हणतायत, की मूठ नामासाठीच का,” ती सरांकडे तोंड करून सावकाश, एकेक अक्षर सोडवत म्हणाली.

“कारण नाम धरून ठेवता येतं,” सर म्हणाले. “वस्तू, माणूस, कल्पना. मूठ मिटली की धरलं.”

निरीक्षकांनी मान डोलावली. पुन्हा मिशा हलल्या, आणि पुन्हा ती उभी राहिली. “म्हणजे साहेब विचारतायत, की मुलं परीक्षेत हातवारे कसे करणार.”

“परीक्षेत लिहितील, साहेब. हात तोच आहे.”

मुलांचे खांदे हलले, म्हणजे वर्ग हसला असावा. मुख्याध्यापिकाही हसल्या. सरांना एकाएकी आठवले की या मुलीला आपण याच सवयीबद्दल एकदा फैलावर घेतले होते. “दुसऱ्याचं बोलणं परत का सांगतेस? पोपट आहेस का?” तेव्हा ती मान खाली घालून उभी राहिली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने तेच पुन्हा सुरू केले होते. ही सवय नव्हती. हिला माहीत होते. त्यांनी वर्गावरून नजर फिरवली. बाकावरचा प्रत्येक चेहरा दिव्याकडे धरावा तसा त्यांच्याकडे वळवलेला होता, एकाही मुलाचा हात तोंडाजवळ नव्हता. सगळ्यांनाच माहीत होते.

या जाणिवेने त्यांना गहिवरून यायला हवे होते. त्यांना भीती वाटली. इतक्या जणांना ठाऊक असलेली गोष्ट किती वेळ झाकून राहणार?

ते घाईने फळ्याकडे वळले आणि तिसरे वाक्य लिहू लागले. पाठ वळवणे ही चूक होती, हे त्यांना अर्ध्या वाक्यात कळले, परंतु अर्धे वाक्य सोडून देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी पूर्णविराम दिला आणि मागे पाहिले.

वर्ग गोठल्यासारखा बसला होता. एकही हात वर नव्हता. निरीक्षक खिडकीपाशी, उजेडाकडे पाठ करून उभे होते, त्यामुळे त्यांचा चेहरा म्हणजे नुसता काळा आकार झाला होता. मुख्याध्यापिकांच्या भुवया वर चढल्या होत्या. काहीतरी होऊन गेले होते, आणि त्याच्या उत्तरासाठी सारे त्यांच्याकडे पाहत होते.

“चला,” सर म्हणाले, “पुढचं वाक्य वाचा.”

कुणी हलले नाही. काळ्या आकाराने मूठ तोंडाशी नेली. प्रश्न पुन्हा विचारला गेला होता. चष्मेवाली झटकन उभी राहिली, “सर, साहेब विचा—”, पण निरीक्षकांचा हात आडवा झाला आणि ती बसली. एवढे मात्र सरांना स्वच्छ कळले : तू नको, मी त्यांना विचारतो आहे.

“बरोबर आहे,” सर म्हणाले. अशा वेळी नेहमी खपून जाणारे हे दोन शब्द होते. या वेळी ते खपले नाहीत. मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला.

मग मुलांनी जे केले ते सरांना पुढे कधी विसरता आले नाही. निरीक्षकांची नजर सरांवर असताना बाकांवरून हात वर येऊ लागले. कुणी मूठ दाखवली, कुणी तळहात, कुणी बोट. मागचा एक उंच मुलगा उभा राहिला आणि त्याने चारही खुणा एकामागून एक केल्या, मूठ, तळहात, बोट, चालती बोटे, आणि त्यानंतर आपला रिकामा हात हवेत तसाच धरून तो गयावया केल्यागत सरांकडे पाहत राहिला. सर त्या हाताकडे पाहत राहिले. त्यांनीच शिकवलेली भाषा सारा वर्ग एकदम बोलत होता, आणि तिचे एक अक्षर त्यांना लागत नव्हते.

त्यांनी खडू फळ्याखालच्या पन्हाळीत ठेवला. बोटे झाडली.

“साहेब,” ते म्हणाले, “मला आपला प्रश्न ऐकू आला नाही. मला कुणाचाच प्रश्न ऐकू येत नाही. मी ओठ वाचतो. आपल्या मिशांपुढं माझा इलाज चालत नाही.”

मुलांचे खांदे या वेळी हलले नाहीत.

निरीक्षक खिडकी सोडून पुढे आले. सरांसमोर उभे राहून, मूठ खाली घेऊन, ते जोर देऊन बोलले. सरांना एकच शब्द सापडला : “केव्हापासून?”

“पाखरं ऐकू यायची थांबली तेव्हापासून. दोन वर्षं झाली असतील.”

“तुम्ही मला बोलला नाहीत!” मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांचे ओठ नेहमीच सुवाच्य असत. “मी वर कळवून बसले, मौन पद्धत म्हणून!”

“नाव आपण दिलंत, बाई. मी फक्त नाही म्हणालो नाही.”

चष्मेवालीने, रोज तासाच्या शेवटी करी तसे, पुस्तक मिटले. मुलींना तास संपायची घाई, असा सरांचा आजवरचा समज होता. आता त्यांना कळले की ही घंटा झाल्याची खूण होती. मागे कधी घंटा होऊनही आपण शिकवत राहिलो असू, आणि ही मुले बसून राहिली असतील. आजही कुणी उठले नाही.

निरीक्षकांनी त्यांना हाताने दाराकडची वाट दाखवली. क्षणभर बाहेर थांबा.

दाराला काचेचा तुकडा होता. त्यातून सरांना आतला वर्ग मुक्या चित्रासारखा दिसत होता. निरीक्षकांनी काही विचारले. चष्मेवाली उभी राहून बोलू लागली, हात उडवून, मान तिरपी करून. अगदी सर बोलत तशी. आणि वर्ग हसला. निरीक्षकांचे खांदे गदगदले. मुख्याध्यापिकांनी तोंडावर रुमाल धरला. सरांचे कान तापले. नकला चालल्या आहेत, त्यांना वाटले. माणूस दाराबाहेर गेला की त्याच्या नकला करायला किती वेळ लागतो?

शेजारच्या वर्गातून गणिताच्या बाई बाहेर आल्या. त्यांनी सरांना पाहिले, काचेतून आत पाहिले आणि त्या थांबल्या.

“काय चाललंय आत?” सरांनी विचारले. “हसतायत कशाला?”

बाईंनी दाराला कान लावला. थोडा वेळ ऐकून त्या सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि नीट तोंड उघडून बोलल्या, “पोरगी सांगतेय, समजा माणसांचे पाच प्रकार केले : सुतार, शिंपी, न्हावी, गवंडी आणि उंच. मग उंच शिंप्यानं कुठल्या रांगेत उभं राहायचं?”

सर थक्क झाले. “हे माझं वाक्य आहे.”

“तुमचंच. आम्हाला काय कमी वेळा ऐकवलंत?”

खरेच होते. पाठ्यपुस्तकाने फ्रेजचे पाच प्रकार एका रांगेत बसवले होते. सरांचे म्हणणे असे की पहिले चार कामावरून पडलेले आहेत आणि पाचवा, ‘ऑन द रूफ’सारखा प्रीपोझिशनल फ्रेज, नुसत्या रूपावरून. तो कधी विशेषणाचे, कधी क्रियाविशेषणाचे, कधी नामाचेही काम करताना सापडतो, त्याला वेगळी रांग देणे म्हणजे अडाणीपणा. म्हणूनच त्यांनी पाचव्या प्रकाराला खूण दिली नव्हती. पुस्तक-मंडळाला त्यांनी हे वारंवार कळवले होते. मंडळाने पोच दिली, उत्तर दिले नाही. अधिकारावरच्या एखाद्या माणसाने हा विषय आपण होऊन काढावा आणि आपण त्याला तो शांतपणे, क्रमाने, उदाहरणांसह समजावून सांगावा, एवढी एकच इच्छा त्यांनी नोकरीभर बाळगली होती.

“पण ती हे का सांगतेय?”

“साहेबांनी विचारलं म्हणून. पुस्तकात पाच प्रकार, तुमच्या खुणा चार. पाचव्याला खूण का नाही? म्हणाले, हेच सरांना विचारलं होतं. दोनदा.”

“मला?”

“तुम्हालाच.”

सर भिंतीला टेकले. त्या उंच मुलाचा हवेतला रिकामा हात त्यांच्या डोळ्यांपुढे आला. चार खुणा, आणि मग काहीच नाही. पोराने याहून स्पष्ट कसे सांगायचे होते? ज्या प्रश्नाची नोकरीभर वाट पाहिली तो त्यांच्या पाठीमागून येऊन, उत्तरासाठी थांबून, निघूनही गेला होता.

बाईंनी काचेतून पुन्हा एकदा आत पाहिले. मग म्हणाल्या, “आज तरी हरलात एकदाचे. वर्षभर नुसते जिंकत सुटला होतात.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“अख्ख्या शाळेला माहीत होतं. एक मुख्याध्यापिका सोडून.”

“मग माझ्याशी वाद कशाला घालत होता? मला तर काही ऐकू येत नव्हतं.”

“म्हणून तर घालत होते. मनाला येईल ते बोलून घ्यायचे.” बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी तोंड दुसरीकडे वळवले, पण बोलण्याआधी पुन्हा समोर आणले. “सर, साहेबांनी अहवालात तुमच्या कानांचं लिहिलं, की मुख्याध्यापिकांच्या हातात काही राहत नाही. चित्रकलेच्या सरांच्या वेळी पाहिलंत ना?”

“पाहिलं.”

दार उघडले. निरीक्षक बाहेर आले. त्यांच्यामागून मुख्याध्यापिका लगबगीने काही सांगत होत्या. सरांनी त्यांच्या ओठांवरून तेवढे टिपले : “...साहेब, नुसतं वर्गाचंच लिहिलं तर? सरांच्या कानांचं पुढल्या वर्षी पाहू...” निरीक्षकांनी नुसते ऐकून घेतले. वर्गातली मुले अजून जागच्या जागी बसून होती आणि सगळी दाराकडे पाहत होती.

सर ताठ झाले. मानेतला बाक जेवढा सरळ होणे शक्य होते तेवढा त्यांनी सरळ केला.

“साहेब, माझं एक म्हणणं आहे,” ते म्हणाले. “जे लिहाल ते अर्धं लिहू नका.”

 निरीक्षक उजेडाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटे वर नेली आणि आपल्या मिशा ओठांवरून हलकेच उचलून धरल्या. मुख्याध्यापिका पाहतच राहिल्या. कुणी हसले नाही. मग त्यांनी एकेक शब्द सुटा करून उच्चारला, आणि त्यातला एकही सरांकडून निसटला नाही.

“वर्गाला येतं. शिक्षकांना ऐकू येत नाही. मी दोन्ही लिहिणार आहे.”